न डागाळणारे छप्पर आणि छप्पर धुणाऱ्यांची रोजी

अमेरिकेत घराचे छप्पर धुऊन देण्याचा एक स्वतंत्र धंदा आहे, हे ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांना नवल वाटेल. आपल्याकडे छप्पर धुण्याचे काम पावसाकडे सोपविलेले असते. फार तर मृगाच्या आधी कौले चाळावी, फुटकी बदलावी, पन्हळीतला पालापाचोळा काढावा आणि मोकळे व्हावे. तिकडे मात्र दोन माणसे, एक लहान ट्रक, ट्रकवर टाकी, टाकीला पंप आणि एक लांब नळी एवढ्या भांडवलावर माणसे छपरे धुऊन संसार चालवितात.

या धंद्यावर एक सावट आले आहे. छपराचा माल बनविणाऱ्या कंपन्यांनी ज्यावर शेवाळ सहसा धरत नाही असा माल बाजारात आणला आणि आता तोच माल सर्रास विकला जातो. प्रश्न सरळ आहे. छप्पर काळे पडलेच नाही, तर ते धुवायला कोण बोलावणार?

अमेरिकेतल्या छपरांची उठाठेव आम्ही या पानावर का करावी, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. आपल्या समाजातील असंख्य कारागिरांची रोजी दुसऱ्याने बनविलेल्या मालाच्या उणिवेवर चालत आली आहे. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो म्हणून कलईवाला, गादीचा कापूस बसतो म्हणून पिंजारी, सुरीची धार जाते म्हणून धार लावणारा. माल सुधारला आणि ती उणीवच गेली, तर या माणसांनी काय करायचे? हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांनी पाहिलेला आहे आणि त्याची किंमतही मोजलेली आहे. तोच प्रश्न आज अमेरिकेतल्या छपरावर चढला आहे. तो तेथे कसा सुटतो आहे किंवा सुटत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

डाग नेमका कशाचा?

अमेरिकेतील बहुसंख्य घरांवर कौले नसतात आणि पत्रेही नसतात. उतरत्या लाकडी छपरावर डांबरी पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांना शिंगल म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३ च्या सुमारास, मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथील हेन्री रेनॉल्ड्स या छपरांच्या ठेकेदाराने डांबरी कापडाचे लांब तागे कापून त्यांचे तुकडे केले आणि ते माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसविले. तेव्हापासून ही चाल पडली. स्वस्त, हलकी, ठोकायला सोपी. आज शिंगलच्या पोटात काचतंतूंची चटई असते, तिला दोन्ही बाजूंनी डांबर पाजलेले असते आणि वर दगडाची बारीक रंगीत खडी दाबलेली असते. ही खडी केवळ शोभेसाठी नाही. उन्हाने डांबर करपू नये म्हणून ती ढाल आहे. खडी गळाली की शिंगलचे आयुष्य संपत आले असे समजावे.

आता खरी गंमत डांबरात आहे. नुसते डांबर महाग पडते आणि मऊही राहते, म्हणून त्यात चुनखडीची पूड मोठ्या प्रमाणात मिसळतात. दमट हवा, रात्रीचे दव आणि ही चुनखडी यांवर एक सूक्ष्म जीव पोसला जातो. त्याचे नाव ग्लिओकॅप्सा मॅग्मा. लोक त्याला नीलहरित शेवाळ म्हणतात. शास्त्रज्ञ त्याची गणना जिवाणूंत करतात. तो वाऱ्याबरोबर एका छपरावरून दुसऱ्या छपरावर जातो. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून तो आपल्याभोवती गडद रंगाचे आवरण धरतो आणि त्यामुळेच छपरावर काळे ओघळ दिसू लागतात. जी बाजू उत्तरेकडे असते, जिथे ऊन कमी आणि ओल जास्त, ती आधी काळवंडते. फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताच्या काठची राज्ये ही त्याची मूळ वस्ती. पुढे तो उत्तरेकडे पसरत गेला.

हे काळे ओघळ कशाचे, हे सामान्य घरमालकाला ठाऊक नसे. कोणी म्हणे काजळी, कोणी म्हणे झाडाचा चीक, कोणी म्हणे बुरशी. कित्येक ठेकेदारांनी तर 'तुमचे छप्पर संपले' असे सांगून चांगले छप्पर उतरविले आणि नवे विकले. नवे छप्पर म्हणजे दहा हजार डॉलरच्या वरचा मामला. धुऊन घ्यावे तर काही शे डॉलरमध्ये भागते. छप्पर धुणाऱ्यांचा धंदा उभा राहिला तो या फरकावर. त्यांनी गिऱ्हाईकाला एकच गोष्ट पटवून दिली, की तुमचे छप्पर मेलेले नाही, मळलेले आहे. आमच्या मते हा प्रामाणिक धंदा होता आणि आहे. गिऱ्हाईकाचे हजारो डॉलर वाचवून त्यातले काही शे आपल्या पदरात पाडणे यात लबाडी कोठेच नाही.

धुण्याची रीत

या कामात कसब आहे, ते दुरून दिसत नाही. डांबरी छपरांच्या कारखानदारांची अमेरिकेत एक संघटना आहे, अस्फाल्ट रूफिंग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. तिने सांगितलेली रीत अशी: कपडे धुण्याचे क्लोरीनयुक्त द्रव ब्लीच आणि पाणी निम्मे-निम्मे घ्यावे, छपरावर फवारावे, १५ ते २० मिनिटे राहू द्यावे आणि मग कमी दाबाच्या पाण्याने धुऊन टाकावे. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र छपरावर अजिबात चालवू नये. धंद्यातले लोक पोहण्याच्या तलावाला लागते ते तीव्र सोडियम हायपोक्लोराईट घेतात, त्यात पाणी आणि थोडा साबणी द्रव घालतात आणि बॅटरीवर चालणाऱ्या लहान पंपाने मारतात. याला तिकडे सॉफ्ट वॉश म्हणतात, म्हणजे हलक्या हाताची धुलाई. डाग घासायचा नाही, मारायचा.

ऐकायला सोपे वाटते. पण तेच पाणी खाली गुलाबाच्या ताटव्यावर पडले तर ताटवा जळतो. म्हणून आधी सगळी झाडे साध्या पाण्याने भिजवायची, काम चालू असता भिजवीत राहायची, शेवटी पुन्हा धुवायची. पन्हळीच्या नळाचे तोंड कोठे उघडते ते पाहायचे. वारा कोणत्या अंगाने आहे, शेजाऱ्याची मोटार कोठे उभी आहे, हेही पाहायचे. शेवाळलेले छप्पर साबणाने भिजले की त्यावर पाय ठरत नाही. छपरावरून पडून जायबंदी होणे किंवा जीव गमावणे ही या कामातली सर्वांत मोठी भीती आहे. शहाणे कामगार शक्य तोवर शिडीवरूनच फवारा मारतात.

आणि याच धंद्यात दुसरी जातही आहे. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र घ्यायचे आणि अंगणाची फरशी धुवावी तसे छप्पर झोडपून काढायचे. अर्ध्या तासात छप्पर लख्ख! गिऱ्हाईक खूश, पैसे रोख. खाली पन्हळीत मात्र खडीचा थर साचलेला असतो. दहा वर्षांचे आयुष्य एका सकाळी धुऊन नेलेले असते. नव्या शिंगलचा धोका किती याची चर्चा आम्ही पुढे करणारच आहोत, पण छप्पर धुण्याच्या धंद्याचे नाव जेवढे या यंत्रवाल्यांनी खराब केले तेवढे कोणत्याही कंपनीने केले नसेल.

मोरचुदाची युक्ती

शेवाळ न धरणाऱ्या शिंगलमध्ये असे काय घातले आहे? कोकणातल्या सुपारीच्या बागायतदाराला विचारले तर तो एका शब्दात सांगेल. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून तो बोर्डो मिश्रण मारतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद हा तांब्याचा क्षार. तांबे बुरशीला मारते आणि शेवाळालाही सोसत नाही.

अमेरिकेतल्या लोकांना ही गोष्ट छपरावरच दिसली होती. धुराड्याच्या बुडाशी तांब्याचा पत्रा बसविलेला असला किंवा छपरातून जस्ताचा मुलामा दिलेला नळ वर आला असला, तर त्याच्या खालचा पट्टा सरळ रेषेत स्वच्छ राहतो आणि आजूबाजूचे छप्पर काळे पडते. पावसाचे पाणी धातूवरून ओघळते, धातूचा किंचित अंश सोबत नेते आणि तेवढ्यानेच शेवाळ मरते. त्यावरून कोणी छपराच्या माथ्यावर जस्ताची पट्टी ठोकू लागले. पण पट्टीचा गुण फार खालपर्यंत पोहोचत नाही.

मग कारखानदारांनी ती पट्टी फोडून छपरभर पसरली, असे म्हणा ना. शिंगलवर जी रंगीत खडी असते, तिच्यातच काही खडी तांब्याचा लेप दिलेली मिसळायची. हा लेप मातीच्या भांड्यावरील काचेरी मुलाम्यासारखा भाजून पक्का केलेला असतो. दव पडले, पाऊस आला की त्यातून तांब्याचा अगदी थोडा अंश सुटतो. मिनेसोटा राज्यातील थ्रीएम ही कंपनी अशी खडी बनविते आणि शिंगलच्या इतर कारखान्यांना पुरविते. स्कॉचगार्ड हे तिचे छापनाव. साधारण दहात एक या हिशेबाने ती खडी मिसळली तर काम भागते. वरून पाहणाऱ्याला साधी शिंगल आणि ही शिंगल यांत फरक ओळखू येत नाही.

पण तांबे झिरपते म्हणजे ते संपतेही. दिव्यात तेल असेतो दिवा जळतो, तशी ही गोष्ट आहे. म्हणूनच बराच काळ या शिंगलवर शेवाळाची हमी साधारण दहा वर्षांची मिळत असे. छप्पर मात्र वीस-पंचवीस वर्षे चालायचे. म्हणजे अर्ध्या आयुष्यानंतर डाग पडण्याची वाट मोकळी. छप्पर धुणारे हे ओळखून होते आणि म्हणून निश्चिंत होते.

मागील दशक संपता संपता डाव बदलला. जीएएफ या अमेरिकेतील मोठ्या शिंगल कंपनीने नव्या तऱ्हेची खडी आणली. तिच्यात तांबे केवळ वरच्या लेपात नसून खडीच्या अंगभर बारीक कणांनी भरलेले असते, त्यामुळे ते हळूहळू आणि दीर्घकाळ सुटते असे कंपनी सांगते. या मालावर शेवाळाच्या डागांविरुद्ध पंचवीस वर्षांची हमी मिळू लागली. इतर मोठ्या कंपन्यांनीही आपापल्या हमीची मुदत वाढविली. आता हिशेब पाहा. छप्पर पंचवीस वर्षांचे आणि हमीही पंचवीस वर्षांची. छप्पर जन्माला आल्यापासून उतरेपर्यंत काळे पडणारच नसेल, तर धुणाऱ्याचा त्या छपराशी संबंध संपला. दहा वर्षांची हमी ही धंद्याला सुट्टी होती. पंचवीस वर्षांची हमी खरी ठरली, तर ती त्या कामापुरती रजाचिठ्ठी आहे.

खरी ठरली तर, हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. ही पंचवीस वर्षे २०४० नंतर पुरी होतील. तोवर कंपनीचा शब्द आणि प्रयोगशाळेचा अंदाज एवढेच हाती आहे.

हमीपत्रातील बारीक अक्षरे

व्यापाऱ्याने जाहिरात वाचण्याआधी हमीपत्र वाचावे. या शिंगलच्या हमीपत्रांत काय असते? पहिली गोष्ट, हमी आहे ती नीलहरित शेवाळाच्या ठळक डागांपुरती. हरळीसारखे दाट वाढणारे हिरवे शेवाळे, ज्याला इंग्रजीत मॉस म्हणतात, ते यात नाही. दगडफूल नाही. झाडाचा पाला कुजून पडलेला डाग नाही, गंजाचा ओघळ नाही. ओरेगन आणि वॉशिंग्टन ही वायव्येकडील राज्ये वर्षातले कित्येक महिने भिजलेली असतात. तेथे छपराचा मुख्य शत्रू मॉस हाच आहे. तो शिंगलच्या कडांखाली वाढतो, कडा उचलतो आणि पाणी आत घेतो. तेथल्या धुणाऱ्याला फ्लोरिडातल्या धुणाऱ्याएवढी चिंता करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. डाग पडलाच तर कंपनी काय देणार? सुरुवातीच्या काळात कंपनी आपल्या मर्जीप्रमाणे एक तर डागाळलेला भाग साफ करून देणार किंवा शिंगल बदलून देणार. शिंगल बदलणे महाग, साफ करणे स्वस्त. मग कंपनी काय निवडील हे सांगायला ज्योतिषी नको. जसजशी वर्षे सरतात तसतशी ही भरपाईही कमी कमी होत जाते. सांगायचे ते असे, की शेवाळ न धरणाऱ्या छपरावर शेवाळ धरले, तर उपाय म्हणून अखेर छप्पर धुणाऱ्यालाच बोलावणे जाणार. ज्याच्या पोटावर पाय आला असे म्हणतात, त्याचेच काम हमीपत्रात लिहून ठेवलेले आहे!

तिसरी गोष्ट, जोराच्या फवाऱ्याने छप्पर धुतले तर हमीवर पाणी सोडावे लागण्याचा धोका असतो. हे वाक्य यंत्रवाल्यांना भोवेल. हलक्या हाताने धुणाऱ्यांना ते उलट उपयोगाचेच आहे.

तोटा कोणाचा होणार?

असे असले तरी 'काही होत नाही, धंदा तसाच चालेल' असे म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. ज्या दमट भागात छप्पर धुण्याचा धंदा सर्वांत जास्त चालतो, त्याच भागात हा नवा माल सर्वांत जास्त खपतो. कोरड्या पश्चिमेकडे तो घेतला काय आणि न घेतला काय, सारखेच. फ्लोरिडाच्या नैऋत्य किनाऱ्यावर २०२२ च्या सप्टेंबरात इयान वादळ आले. अशा वादळानंतर छपरे एकेक करून बदलत नाहीत, वस्तीच्या वस्ती बदलते. आणि नव्याने जे बसते ते आजच्या बाजारातले, म्हणजे तांब्याच्या खडीचे. ज्या धुणाऱ्याची सारी गिऱ्हाइके अशा एखाद्या वस्तीत होती, त्याचे काम एका हंगामात आटले. नव्याने वसलेल्या वसाहतींचेही तेच. तेथे पहिली दहा वर्षे छपरासाठी दार ठोठावण्यात अर्थ नाही.

उलट जुन्या वस्त्यांचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेत आठ कोटींच्या वर स्वतंत्र घरे आहेत. छप्पर वीस वर्षे टिकते असे धरले, तर वर्षाला वीसातले एक छप्पर बदलेल. एखाद्या गावात हजार घरे असतील तर पन्नास. आजपासून प्रत्येक नवे छप्पर नव्या मालाचे बसले, तरी दहा वर्षांनंतर त्या गावातली अर्धी छपरे जुनीच असतील. शिवाय पूर्वी दहा वर्षांच्या हमीने बसविलेली छपरे एव्हाना आपले तांबे संपवून काळी पडू लागलेली असतात. म्हणजे पाणी एकदम तोडले जात नाही, ओढा हळूहळू आटतो. ज्याच्याकडे नजर आहे त्याला दुसरी विहीर खणायला वेळ मिळतो.

ही दुसरी विहीर फार लांबही नाही. फ्लोरिडात कित्येक घरांवर सिमेंटची कौले असतात. त्यांवर तांब्याची खडी नसते आणि तीही काळी पडतात. घराच्या बाहेरच्या भिंती, कुंपण, मोटार येण्याचा सिमेंटचा रस्ता, सगळ्यांवर शेवाळ चढते. पन्हळी तुंबतात त्या तांब्याने मोकळ्या होत नाहीत. तोच ट्रक, तीच टाकी, तोच पंप. मिश्रणाचे प्रमाण तेवढे बदलायचे. अमेरिकेतले बरेच धुणारे ही सारी कामे आधीपासून करतातच.

आणखी एक वारा त्यांच्या बाजूने वाहतो आहे, आणि तो जरा विचित्र आहे. गेल्या काही वर्षांत तिकडच्या विमा कंपन्या विमानातून किंवा ड्रोनने काढलेली घरांची छायाचित्रे पाहून छपराची पारख करू लागल्या आहेत. छप्पर जुने किंवा खराब दिसले तर विम्याचे नूतनीकरण नाकारतात. वरून काढलेल्या चित्रात काळा ओघळ आणि झिजलेले छप्पर यांत भेद करणे अवघड. त्यामुळे धुतलेल्या छपराला आता शोभेपलीकडची किंमत आली आहे. वसाहतींच्या घरमालक संघटना तर छप्पर काळे दिसले की ते स्वच्छ करून घ्या म्हणून आधीपासूनच नोटिसा पाठवीत असत.

कलईवाल्याचे काय झाले?

येथे आम्हाला आपल्या कलईवाल्याची आठवण होते आणि ती अस्थानी नाही. महाराष्ट्रातील गावोगाव हा धंदा बहुतांशी आपल्याच लोकांच्या हातात होता. पारावर किंवा चौकाच्या कोपऱ्यात जमिनीत खड्डा करून भट्टी मांडायची, भात्याने कोळसा फुलवायचा, भांडे तापवायचे, त्यावर नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते कथिल आतून सफाईने फिरवायचे. काळेमिट्ट पातेले क्षणात चांदीसारखे. ते पाहायला मुलांचा घोळका उभा राहत असे. पितळेची आणि तांब्याची भांडी घरात होती तोवर हा माणूस हंगाम साधून येणार हे ठरलेले असे. कलई झिजणारच, आमटी कळकणारच.

आधी अॅल्युमिनियम आले, मग स्टेनलेस स्टील आले. स्टीलने कलई जास्त दिवस टिकविली नाही, स्टीलला कलई लागतच नाही. गरज लांबणीवर पडली असती तर कलईवाला जगला असता. सहा महिन्यांनी यायचा तो दोन वर्षांनी आला असता, दर वाढवून घेतला असता. पण गरजच नाहीशी झाली आणि त्याच्याजवळ दुसरे काही विकायला नव्हते. भट्टी होती, कथिल होते, पितळ पारखणारी नजर होती. तिला गिऱ्हाईक उरले नाही. त्याची मुले कोणी गॅरेजात गेली, कोणी हातगाडीवर. अलीकडे शहरांतल्या हौशी घरांत पितळेची आणि तांब्याची भांडी परत येऊ लागली आहेत आणि आता कलई करून देणारा शोधावा लागतो. तो सापडला तर चार पैसे जास्त घेतो, आणि त्याने ते घ्यावेतच. पण मधल्या काळात ज्यांची भट्टी विझली त्यांना त्याचा काय उपयोग?

पिंजाऱ्याचे थोडे वेगळे झाले. फोमच्या गाद्यांनी त्याचे काम हिरावले खरे, तरी ज्यांनी दुकान टाकले, कापूस पिंजण्याच्या जोडीला गाद्या, उशा, रजया शिवून विकायला घेतल्या, त्यांतले पुष्कळ तगून राहिले. पाठीवर पिंजण घेऊन, तारेचा टणत्कार करीत गल्लोगल्ली फिरणारा मात्र राहिला नाही.

छप्पर धुणाऱ्याची अवस्था आज कलईवाल्यासारखी आहे की पिंजाऱ्यासारखी? तांब्याची शिंगल हे स्टील आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे. दहा वर्षांच्या हमीची शिंगल स्टील नव्हती. ती जाड कलई होती, एवढेच. पंचवीस वर्षांची शिंगल स्टीलच्या बरीच जवळ जाते, पण एकाच डागापुरती. मॉसला, दगडफुलाला, पाल्याला, पन्हळीला आणि भिंतीला ती काही करीत नाही. आमचे मत असे, की काळे ओघळ काढून देणे एवढेच ज्याच्या पाटीवर लिहिले आहे त्याचा धंदा येत्या पंधरा-वीस वर्षांत निम्म्यावर यावा. घराचे बाहेरचे अंग सांभाळून देतो असे ज्याने लिहिले आहे, त्याला नव्या शिंगलचे फारसे भय नाही. नव्या छपराच्या मालकानेही त्याला वर्षातून एकदा पन्हळीसाठी का होईना, बोलवावेच लागेल.

भय दुसरीकडे आहे. धंदा मंदावला की काही लोक भावात उतरतात. निम्म्या दरात काम धरतात, मग वेळ वाचविण्यासाठी जोराचे यंत्र चालवितात, झाडे भिजवीत नाहीत, कमरेला दोर बांधीत नाहीत. काही जण 'ही नवी शिंगल म्हणजे कंपन्यांची फसवणूक आहे' असे गिऱ्हाइकाला सांगतात. तसे ते नाही. तांबे शेवाळाला मारते हे आपल्या सुपारीच्या बागेत वर्षानुवर्षे सिद्ध झालेले आहे. ज्याने गिऱ्हाइकाला खोटे सांगितले त्याचे पुढचे खरेही कोणी ऐकत नाही. दमट प्रदेशात नवे छप्पर घालणाऱ्याने 'कोणती शिंगल घेऊ?' असे विचारले, तर 'तांब्याच्या खडीची घ्या' असेच उत्तर छप्पर धुणाऱ्याने द्यावे, असे आम्हाला वाटते. त्यात त्याचे एक काम जाईल. पण त्या घराच्या भिंती, पन्हळी आणि अंगण त्याच्याकडेच राहील.

आणि एक व्यवहाराची सूचना. छप्पर वरून पाहून ते कोणत्या जातीचे हे कळत नाही, हे वर सांगितलेच आहे. पण छप्पर घालताना उरलेल्या चार शिंगल पुष्कळ घरमालक गॅरेजात ठेवून देतात आणि खरेदीची कागदपत्रेही कोठेतरी असतात. धुणाऱ्याने पहिल्याच भेटीत ती मागून घ्यावी आणि शिंगलचे नाव, छप्पर घातल्याचे वर्ष आणि शेवाळाच्या हमीची मुदत आपल्या वहीत टिपून ठेवावी. ज्या छपराची दहा वर्षांची हमी २०१६ साली सुरू झाली, त्याची मुदत २०२६ मध्ये संपते. त्या घराची उत्तरेकडची बाजू त्याने जाता-येता पाहत राहावी.